भाषा-सल्ला : आधी विग्रह करा, मग चेक

प्रश्न : नोकरीनिमित्त मी गेली चार वर्षं चेक प्रजासत्ताकात, ब्रनोमध्ये राहते. पुढच्या वर्षी कायमच्या वास्तव्यासाठी भाषेची परीक्षा द्यायची आहे. साधी वाक्यं जमतात, पण इंग्रजी जोडशब्द चेकमध्ये नेताना गाडी अडते. मध्यंतरी ऑफिसात आगीपासूनच्या सुरक्षिततेची द्विभाषिक सूचना करायचं काम आलं. शब्दकोशात ‘फायर’ला ‘ओहेन्य’ दिलं आहे, म्हणून मी फायर डोअरला ‘ओहेन्य द्वेर्झे’, फायर इंजिनला ‘ओहेन्य आउतो’, फायर अलार्मला ‘ओहेन्य पोप्लाख’ असं लिहिलं. सहकाऱ्यानं सगळं लाल केलं आणि दर ठिकाणी वेगळाच शब्द घातला. घरी अभ्यासाची यादी केली आहे, तिच्यातल्या फायरफ्लायमध्ये तर आगीचा मागमूसही नाही. याला काही नियम आहे, की नुसतं पाठांतरच करायचं?
— एक वाचक, ब्रनो

उत्तर : नमस्कार. नियम आहे, आणि त्याचा निम्मा भाग तुम्ही शाळेत मराठी व्याकरणाच्या तासाला शिकून बसला आहात. समासाचा विग्रह आठवतो ना? क्रीडांगण म्हणजे क्रीडेसाठी अंगण, चोरभय म्हणजे चोरापासून भय, पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. इंग्रजी जोडशब्द हा असाच समास असतो, फक्त विभक्ती गिळून बसलेला. चेक भाषेला ती गिळलेली विभक्ती बाहेर काढून हवी असते. म्हणून ‘फायर’ला चेकमध्ये काय म्हणतात हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आगीचं त्या वस्तूशी नातं काय, हे आधी विचारा.

तुमच्या सूचनेतलीच उदाहरणं घेऊ. फायर इंजिन म्हणजे आग विझवणाऱ्यांची गाडी. हा मध्यमपदलोपी समास झाला, ‘विझवणारे’ हे मधलं पद इंग्रजीनं खाल्लं. चेकमध्ये नेमकं तेच पद दिसतं आणि आग गायब होते. ‘हासित’ म्हणजे विझवणं, त्यावरून ‘हासिच’ म्हणजे अग्निशामक दलाचा जवान, आणि त्याची गाडी ती ‘हासिच्स्के आउतो’. भिंतीवरचं लाल नळकांडं म्हणजे आग विझवण्यासाठीचं उपकरण, म्हणून ‘हासित्सी प्रशीस्त्रोय’. त्यातही आग नाही, विझवणं आहे. फायर अलार्म म्हणजे आग लागल्याचा इशारा. इथे मात्र आग आहे, पण ती ‘ओहेन्य’ नव्हे, ‘पोझार’. म्हणून ‘पोझार्नी पोप्लाख’. छतावर बसवलेलं यंत्र असेल तर ‘पोझार्नी ह्लासिच’, म्हणजे आगीची वर्दी देणारं. इशारा आणि यंत्र या दोन्हींना इंग्रजीत एकच शब्द पुरतो, चेकमध्ये पुरत नाही. फायर डोअर हे आगीविरुद्धचं दार, त्यामुळे ‘प्रोतिपोझार्नी द्वेर्झे’. ‘प्रोति’ म्हणजे विरुद्ध. बोलताना पुष्कळजण नुसतं ‘पोझार्नी द्वेर्झे’ म्हणतात, तेही बरोबर. फायर एस्केप म्हणजे निसटून जायचा जिना, ‘ऊनिकोवे स्खोदिश्त्ये’.

ओहेन्य आणि पोझार यांतला फरक एकदा पक्का केलात की तुमच्या निम्म्या चुका तिथेच संपतील. ओहेन्य म्हणजे अग्नी, विस्तव, जाळ. मुद्दाम पेटवलेला किंवा पंचमहाभूतांतला. पोझार म्हणजे लागलेली आग, नुकसान करणारी. मराठीत आपण शेकोटीला वणवा म्हणत नाही, तसंच. कँपफायर हा ‘ताबोर्झाक’ किंवा ‘ताबोरोवी ओहेन्य’, पण जंगलातला वणवा ‘लेस्नी पोझार’. विमा उतरवायचा तो पोझारविरुद्ध, ‘पोयिश्त्येनी प्रोति पोझारु’. कार्यालयात सगळ्यांना खाली उतरवण्याची जी रंगीत तालीम होते ती ‘त्स्विच्नी पोझार्नी पोप्लाख’. सुरक्षिततेच्या कागदावर ओहेन्य फार क्वचित येतो, आणि तुमच्या यादीत तोच सगळीकडे होता.

मग ओहेन्यवरून विशेषण होतच नाही का? होतं की. ‘ओह्न्योवी’ हे विशेषण आहे, पण ते रोजच्या वस्तूंना लागत नाही. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या तिएरा देल फुएगोला चेकमध्ये ‘ओह्न्योवा झेम्ये’ म्हणतात, तिथे ते भेटेल. ‘ओह्निवी’ म्हणजे धगधगता, ज्वलंत. ‘ओह्निवा वोदा’ ही कडक दारू, इंग्रजी फायरवॉटरचं सरळ भाषांतर. म्हणजे ‘ओह्निवे आउतो’ लिहिलं असतंत, तर सहकाऱ्याच्या डोळ्यांसमोर पेटलेली मोटार उभी राहिली असती.

विग्रह झाल्यावर चेकमध्ये त्याला कोणता आकार द्यायचा, हा नियमाचा दुसरा भाग. सर्वांत जास्त वेळा पहिल्या पदाचं विशेषण होतं. प्रत्यय मुख्यतः तीन : ‘-नी’, ‘-ओवी’ आणि ‘-स्की’. ढोबळ मानानं, माणसांवरून किंवा संस्थांवरून आलेलं विशेषण ‘-स्की’ घेतं, जसं हासिच्स्की. वस्तू आणि पदार्थ बहुधा ‘-ओवी’ किंवा ‘-नी’ घेतात, आणि या दोहोंपैकी कोणता ते शब्दागणिक लक्षात ठेवावं लागतं. एवढं पाठांतर टळत नाही. नळकांड्यांचेच प्रकार बघा : पावडरचं ‘प्राश्कोवी’, फेसाचं ‘प्येनोवी’, पाण्याचं ‘वोद्नी’, आणि कार्बन डायऑक्साइडचं ‘स्न्येहोवी’, म्हणजे शब्दशः बर्फाचं, कारण त्यातून वायू बाहेर पडताना पांढरा बर्फासारखा भुगा होतो. हा शेवटचा शब्द इंग्रजीवरून तुम्हाला कधीच सुचणार नाही, आणि सर्व्हरच्या खोलीत सहसा तोच असतो. वोद्नी आणि प्येनोवी चालू विजेच्या उपकरणांवर वापरायचे नसतात, तेव्हा हे चार शब्द परीक्षेसाठी नसले तरी पाठ असू द्या.

काही वेळा दोन्हीही चालतात. गावातल्या अग्निशामक केंद्राला ‘हासिच्स्का झ्ब्रोय्नित्से’ही म्हणतात आणि ‘पोझार्नी झ्ब्रोय्नित्से’ही. एक जवानांच्या बाजूनं, दुसरं आगीच्या बाजूनं. अशा ठिकाणी बरोबर कोणतं यावर वेळ घालवू नका.

आता ज्या एका गोष्टीवर खुद्द चेक माणसंही घसरतात ती. इंग्रजीत स्लीपिंग बॅग, रायटिंग डेस्क, सोइंग मशीन असे जोडशब्द असतात. त्यांचा विग्रह ‘झोपण्यासाठीची पिशवी’, ‘लिहिण्यासाठीचं टेबल’ असा. पिशवी स्वतः झोपत नाही. चेकमध्ये अशा ‘-साठी’च्या विशेषणाला ‘-त्सी’ लागतं : ‘स्पात्सी पितेल’, ‘प्सात्सी स्तूल’, ‘शित्सी स्त्रोय’. पण ती क्रिया प्रत्यक्ष करत असलेल्या माणसाचं विशेषणही ‘-त्सी’नंच संपतं, फक्त त्याच्या आधीचा स्वर वेगळा. विझवण्यासाठीचं उपकरण ‘हासित्सी’, सि ऱ्हस्व. आग विझवत असलेला जवान ‘हासीत्सी’, सी दीर्घ. कारण पहिलं रूप मूळ धातुरूप ‘हासित’वरून आलं आहे, दुसरं ‘ते विझवतात’ या अर्थाच्या ‘हासी’वरून. नळकांड्यावर दीर्घ स्वर लिहिलात तर ते उपकरण स्वतःहून विझवत सुटलं आहे असा अर्थ होतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत मोठे झालेल्या मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. घर सोडताना मालक ज्या कागदावर सही घेतो तो ‘प्रशेदावात्सी प्रोतोकोल’, सुपूर्द करण्यासाठीचा कागद, तोही याच कुळातला.

दुसरा आकार म्हणजे नामापुढे षष्ठीतलं नाम. इथे क्रम उलटा होतो, आणि मराठीच्या सवयीमुळे आपण नेमके इथेच पडतो. वॉटर हीटर म्हणजे पाण्याचा तापक, पण चेकमध्ये आधी तापक, मग पाणी : ‘ओह्र्झीवाच वोदी’. स्मोक डिटेक्टर तसाच, ‘देतेक्तोर कोउर्झे’. जिथे मुख्य पद एखादी क्रिया करणारं यंत्र किंवा माणूस असतो आणि दुसरं पद त्या क्रियेचं कर्म, तिथे हा आकार आधी तपासा.

तिसरा आकार शब्दयोगी अव्ययाचा, आणि इथे विग्रह सगळ्यात जास्त कामी येतो. इंग्रजीत टी-कप आणि कप ऑफ टी यांत जो फरक, तो चेकमध्ये ‘शालेक ना चाय’ आणि ‘शालेक चाये’ असा दिसतो. पहिला चहासाठीचा कप, रिकामाही असेल. दुसरा चहाने भरलेला. ‘ना’ म्हणजे कशासाठी. वस्तू कशाच्या तरी आत घालायची असेल तर ‘दो’ : कपडे धुण्याची पावडर ‘प्राशेक ना प्रानी’, पण केक फुगवायची पावडर पिठात जाते म्हणून ‘प्राशेक दो पेचिवा’. (प्राशेक म्हणजे औषधाची गोळीसुद्धा; दुकानात नुसता प्राशेक मागू नका.) धूर ओळखणाऱ्या यंत्राची बॅटरी ‘बातेरिये दो देतेक्तोरु कोउर्झे’, कारण ती यंत्रात बसते. किल्ली मात्र ‘ओद’ घेते : घराची किल्ली ‘क्लीच ओद बितु’, जणू घरापासून निघालेली. जिवंत प्राण्यासाठी असेल तर ‘प्रो’ : कुत्र्याचं खाद्य ‘कर्मिवो प्रो प्सी’. आणि खोकल्याचं औषध? मराठीत आणि इंग्रजीत ते खोकल्याचंच असतं. चेक सिरप खोकल्याविरुद्ध उभं राहतं, ‘सिरुप प्रोति काश्ली’. बोलीत ‘ना काशेल’ही सर्रास ऐकाल. फार्मसीतल्या खोक्यांवर हे दोन्ही वाचायला मिळतील, तिथे पाच मिनिटं उभं राहून वाचा.

चौथा आकार खरा जोडशब्द, मध्ये ‘ओ’ घालून सांधलेला. तुमच्या फ्लॅटमधले तिन्ही मीटर असेच आहेत : पाण्याचा ‘वोदोम्येर’, गॅसचा ‘प्लिनोम्येर’, विजेचा ‘एलेक्त्रोम्येर’. ‘-म्येर’ म्हणजे मोजणारा. ताप मोजायचा ‘तेप्लोम्येर’ही त्यातलाच. तुमच्या यादीतलं फायरवर्क्स इथे येतं, ‘ओह्न्योस्त्रोय’, आणि त्यात ओहेन्य दिसतो, कारण ती मुद्दाम केलेली आतषबाजी आहे, लागलेली आग नाही. स्कायस्क्रेपरसाठी चेकमध्ये ‘म्राकोद्राप’, म्हणजे ढग ओरबाडणारा. आपली इमारत गगनचुंबी, मुका घेणारी. त्यांची नखं लावणारी. हे शब्द जसे आहेत तसे घ्यायचे. स्वतः ‘ओ’ घालून नवा शब्द जुळवायला जाऊ नका. इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की शब्द तयार होतो, चेकमध्ये ती सोय जवळपास नाही.

पाचवा आकार म्हणजे अख्खा जोडशब्द एका प्रत्ययात मावणं. डायनिंग रूम ‘यीदेल्ना’, बेडरूम ‘लोझ्नित्से’, बाथरूम ‘कोउपेल्ना’, वॉशिंग मशीन ‘प्राच्का’. लिव्हिंग रूमचं पुस्तकी नाव ‘ओबीवात्सी पोकोय’, पण घरात सगळे ‘ओबीवाक’ म्हणतात. मायक्रोवेव्ह ओव्हन ‘मिक्रोवल्न्का’. दोन शब्दांचं नाव वारंवार तोंडात आलं की चेक माणूस त्याला ‘-का’ नाहीतर ‘-आक’ लावून एक करून टाकतो. परीक्षेच्या लेखी भागात दोन्ही रूपं समजतात, अर्जात मात्र पुस्तकी रूप बरं. तुमच्या ब्रनोत तर ट्रामच्या पासाला ‘शालिन्कार्ता’ म्हणतात, जो सरळ दोन नामं चिकटवून केलेला शब्द आहे. हा ब्रनोचा खास बोलीतला थाट, प्रागमध्ये वापरलात तर लोक हसून विचारतील कुठून आलात म्हणून.

राहिला फायरफ्लाय. त्यात ना आग, ना माशी. तो भुंगेऱ्यांच्या जातीचा किडा. म्हणजे बहुव्रीही : लंबोदर म्हणजे लांब उदर नव्हे, ते ज्याचं आहे तो. अशा इंग्रजी शब्दांचे दोन्ही तुकडे फेकून द्या आणि त्या वस्तूचं चेक नाव सरळ शोधा. काजवा ‘स्व्येत्लुश्का’, प्रकाशावरून. खिसेकापू ‘काप्सार्झ’, खिशावरून. बुजगावणं ‘स्त्राशाक’, घाबरवण्यावरून. ग्रीनहाऊसमध्येही हिरवं घर शोधू नका. ते ‘स्क्लेनीक’, काचेवरून. शब्द या गटातला आहे का हे ओळखायला सोपी चाचणी आहे : ‘अमुक हा एक प्रकारचा तमुक आहे’ असं शेवटच्या पदाबद्दल म्हणून बघा. फायर डोअर हे एक प्रकारचं दार आहे, ठीक. फायरफ्लाय ही एक प्रकारची माशी आहे, हे खोटं. खोटं ठरलं की भाषांतर थांबवायचं. ग्रीनहाऊससारखे काही शब्द अर्धेच खोटे ठरतात, म्हणजे शेवटचं पद जेमतेम चालतं पण पहिलं दगा देतं. तिथेही शब्दकोशच बघायचा.

योग्य शब्द सापडल्यावरही एक घोटाळा उरतो, तो म्हणजे रूप चालवणं. विशेषण आणि नाम अशी जोडी असेल तर दोन्ही बदलतात : उपकरणाशिवाय म्हणजे ‘बेझ हासित्सीहो प्रशीस्त्रोये’. षष्ठीवाल्या जोडीत फक्त पहिलं नाम बदलतं, दुसरं जागचं हलत नाही : ‘बेझ देतेक्तोरु कोउर्झे’. ‘-नी’ आणि ‘-त्सी’वाली विशेषणं प्रथमेच्या एकवचनात लिंगानुसार बदलत नाहीत, आपल्या ‘लाल’सारखी, ‘-ओवी’ आणि ‘-स्की’वाली ‘काळा-काळी-काळं’सारखी बदलतात, म्हणून हासिच्स्की, हासिच्स्का, हासिच्स्के. तीन पदांचा इंग्रजी शब्द आला तर शेवटाकडून सोडवा. फायर अलार्म टेस्टमध्ये मुख्य पद टेस्ट, ते आधी येईल : ‘स्कोउश्का पोझार्नीहो ह्लासिचे’.

वहीत लिहिताना इंग्रजी शब्दासमोर थेट चेक लिहू नका, मध्ये मराठी विग्रहाचा रकाना ठेवा. चेक शब्द मूळ लिपीतल्या सगळ्या खुणांसह उतरवा. देवनागरीत उच्चार जवळपासच उतरतो. शंका आली की दोन ठिकाणं आहेत. चेक विज्ञान अकादमीच्या चेक भाषा संस्थेची इंटरनेटवरची भाषा-पुस्तिका शब्दाची सगळी रूपं तक्त्यात देते. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या चेक राष्ट्रीय कॉर्पसचं ‘त्रेक’ हे साधन इंग्रजी शब्दाला प्रत्यक्ष भाषांतरांत कोणता चेक शब्द किती वेळा आला ते दाखवतं; त्यात वरचे दोन-तीन पर्याय घ्या, खालचे बहुतेक अपघाती असतात. दोन्ही फुकट आहेत.

सूचनेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ती तुम्ही इंग्रजीवरून चेकमध्ये करूच नका. तुमच्या इमारतीत ‘पोझार्नी पोप्लाखोवे स्म्येर्नित्से’ नावाचा कागद बहुतेक आधीच कुठेतरी लावलेला असेल, जिन्याजवळ किंवा स्वागतकक्षापाशी. तो अग्निसुरक्षेच्या जाणकाराकडून करून घेतलेला असतो. त्यावरून इंग्रजी करा, उलट नको. आग दिसल्यावर काय ओरडायचं तेही त्यात असतं : इंग्रजीत ‘फायर’ हे नाम ओरडतात, चेकमध्ये क्रियापद, ‘होर्झी!’, म्हणजे ‘जळतंय!’. तिथे ‘पोझार!’ असं लिहू नका. दूरध्वनीसाठी अग्निशामक दलाचा १५० हा क्रमांक असतो, सोबत सामायिक युरोपीय ११२ द्या. लिफ्टबद्दलचं वाक्य ठरलेलं आहे, ‘व प्रशीपाद्ये पोझारु नेपोउझीवेय्ते वीताख’, म्हणजे आग लागल्यास लिफ्ट वापरू नये. त्यात स्वतःचं काही घालू नका.

यादीतले उरलेले शब्द : फायरवूड ‘पालिवोवे द्र्झेवो’, इंधनावरून, आपल्या सरपणासारखं. फायरप्लेस घरातली असेल तर ‘कर्ब’ (ऐकू येतं ‘कर्प’), अंगणातली असेल तर ‘ओह्निश्त्ये’. फायरप्रूफसाठी न पेटणाऱ्या कापडाला ‘नेहोर्झ्लावी’, आगीत टिकणाऱ्या भिंतीला ‘ओह्निव्झ्दोर्नी’. फायरआर्म ‘स्त्र्शेल्ना झ्ब्रान्य’, गोळी झाडण्यावरून. क्रॉसफायर ‘क्र्शीझोवा पाल्बा’. सीझफायर ‘प्रशीम्येर्झी’, त्यात झाडणंही नाही आणि आगही नाही. आणि संगणकातली फायरवॉल तशीच ठेवा. चेकमध्ये ती पुल्लिंगी ‘फायरवॉल’च आहे आणि षष्ठीत ‘फायरवॉलु’ होते.